जावयाचे गोल

माझा नवरा काय करतो असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर असतो. त्याआधी काय करायचा असं विचारलं की पंचाईत होते. "फुटबॉल खेळायचा," म्हटलं की समोरची बाई हसते आणि विचारते, "ते झालं हो, पण कामाला कुठे होते?" अहो बाई, तेच काम होतं! मुलीच्या शाळेत, इथे मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात, एका पुण्याच्या आईला हे समजावता समजावता माझी अर्धी पेरेंट्स मीटिंग संपली. तिचा नवरा बँकेत. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे हॉबी ना?" मी म्हटलं, "हो, आणि तुमच्या मिस्टरांची हॉबी बँक." तेव्हापासून ती मला लांबूनच हात करते.

समोर मी नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते. इथे 'तो' लिहिणार. लिहिताना तरी बाईने मोकळं असावं.

त्याचं गाव रायगडच्या टोकाला, खाडीकाठी. माझं त्याच खाडीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात. ओहोटीला वाळू कडक झाली की त्यांच्या गावची सगळी पोरं किनाऱ्यावर फुटबॉल खेळायची, अनवाणी, मगरिबची बांग होईपर्यंत. त्यातला हा डाव्या पायाचा. मुंबईच्या एका कंपनीने त्याला आपल्या टीमसाठी उचललं, कागदावर हेल्पर म्हणून. हेल्परचं काम त्याने एक दिवस केलं नाही. सकाळी मैदान, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मैदान. तिथून त्याला मस्कतच्या कंपनीने आणला. इथल्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, फुटबॉलचं भारी वेड. व्हिसा क्लार्कचा. ऑफिसात त्याला टेबल होतं, आणि त्या टेबलावर दुसरेच लोक डबा खायचे.

स्थळ आलं तेव्हा माझे अब्बा नाही म्हणाले होते. "पायांवर पोट असलेला माणूस. पाय गेला की काय करणार, पोरीला खांद्यावर घेऊन फिरणार?" अम्मा म्हणाली, "नमाजी आहे, विडी नाही, तंबाखू नाही, आणि शुक्रवारी कुठे असतो ते अख्ख्या गावाला माहीत असतं. तुमचं काय माहीत असायचं मला?" अब्बांनी हो म्हटलं आणि माझं लग्न झालं.

खेळाडूशी लग्न करायचं तर आधी नाक बंद ठेवायला शिकायचं. मोजे, पट्ट्या, मालिशचं तेल, आणि अल हैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, दमट हवेत बाल्कनीत टांगलेले बूट. गुरुवारी, मॅचच्या आदल्या दिवशी, तळलेलं बंद. मी सुरमई तळली की हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वास घ्यायचा आणि उकडलेल्या अंड्यांकडे परत जायचा. मॅचच्या सकाळी याच्याशी बोलायचं नाही. बुटाची नाडी डावीकडची आधी. एकदा मी मदत म्हणून दोन्ही नाड्या बांधून ठेवल्या, तर हा दोन्ही सोडून परत बांधत बसला. तोबा! सासूबाईंनीसुद्धा माझे इतके नियम काढले नव्हते.

पण मैदानावर तो सुंदर दिसायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर मिरे वाटायला लागला असता. डावीकडून बॉल घेऊन निघाला की इथले ओमानी प्रेक्षक "यल्ला, यल्ला" करत उभे राहायचे. गोल झाला की अर्बाब स्वतः मैदानात यायचा आणि याच्या डोक्यावर हात ठेवायचा. त्या एका हातावर आमचं घर चाललं होतं. दर उन्हाळ्यात, सीझन संपला की, खेळाडूंना एकेक करून आत बोलावलं जायचं. आत गेलेला माणूस एक तर वर्षभर राहायचा, नाही तर "खलास" ऐकून बॅग भरायला लागायचा. तो आठवडाभर आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मुलगी तान्ही होती तेव्हा तीही त्या दिवसांत कमी रडायची, असं मला वाटायचं.

अब्बा गेले आणि नवऱ्याने माझ्या धाकट्या भावाला इकडे आणला. एसीच्या कंपनीत नोकरी लावून दिली. खोली मिळेपर्यंत तो आमच्याकडेच होता, हॉलमधल्या दिवाणावर. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो मला आपा म्हणतो आणि माझ्या नवऱ्याला दुल्हेभाई. तोही फुटबॉल खेळायचा, पण हौसेचा, बॅक म्हणून. माझा नवरा त्याला पार्किंगच्या जागेत शिकवायचा, पाय कुठे टाकायचा, बॉल सोडून माणसाकडे का बघायचं नाही. दोघं घामाघूम होऊन वर यायचे आणि मी त्यांच्यासाठी घावणे टाकत बसायची. मला तेव्हा काही कमी नव्हतं.

आता आमच्या गावांच्या टुर्नामेंटचं सांगते. थंडी पडली की मस्कतमधले कोकणातले लोक सीबकडच्या एका मैदानावर शुक्रवारी सामने भरवतात. गावागणिक टीम. मत्रहच्या बाजारात तीन पिढ्या दुकान असलेला व्यापारी आणि काल आलेला ड्रायव्हर, दोघं एकाच गावाच्या शर्टात. बायका गाड्यांच्या सावलीत चटया टाकून बसतात, डबे उघडतात, मॅच कमी आणि स्थळं जास्त बघतात. कंपनीने माझ्या नवऱ्याला बाहेर खेळायला बंदी केली होती. तरी तो आपल्या गावाकडून खेळायचाच. मॅनेजरला सांगायचा, गाववाल्यांचा मेळा आहे, दोन किका मारतो आणि येतो.

आणि दर वर्षी त्याच्या गावाची माझ्या गावाशी गाठ पडायची.

आमच्याकडे जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. त्याला आधी वाढायचं, त्याच्यासमोर पाय पसरून बसायचं नाही, त्याला उलटून बोलायचं नाही. आमची माणसं हे मैदानावरही घेऊन आली. माझ्या नवऱ्याला बॉल मिळाला की आमच्या गावचे बॅक बाजूला व्हायचे. दार उघडून उभं राहावं तसे! एकदा तो घसरून पडला तर आमच्याच कॅप्टनने त्याला उठवून त्याच्या चड्डीवरची वाळू झटकली. गोलकीपर, तोही आमचा चुलत चुलतभाऊ, हसून म्हणायचा, "या दुल्हेभाई, या!" आणि हा गोल मारायचा. बाहेर हशा. "जावयाचा गोल," लोक म्हणायचे. दुसऱ्या गावांशी मारलेला गोल तो गोल, आमच्याशी मारलेला तो जावयाचा गोल. बायका मला कोपर मारायच्या, काय गं, मान आहे हो तुझ्या नवऱ्याला. मी फुगायची. माहेर असावं तर असं, वाटायचं.

तो मात्र घरी येऊन बूट फेकायचा. मी विचारायची, दोन गोल मारून तोंड असं का? म्हणायचा, काही नाही. पुरुषाचं 'काही नाही' म्हणजे पुष्कळ काही असतं, पण मुलगी लहान, गॅसवर भात, कोण खोदत बसणार.

मग ती मॅच आली. मी चटईवर बसून मुलीला केळं भरवत होते. नवऱ्याने डावीकडून बॉल घेतला, आमचे दोन जण नेहमीसारखे बाजूला झाले, आणि माझा भाऊ झाला नाही. तो सरळ धावत आला आणि पाय टाकला. बॉल उडून बाहेर गेला. नवरा खाली पडला आणि त्याचा आवाज आला. मी संसारात त्याचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. त्याचा गुडघा नको तिकडे वळला होता. मी चपला टाकून मैदानात धावले. सगळे जमले. आमच्या गावचे वडीलधारे माझ्या भावाच्या अंगावर ओरडत होते, जावयाचा पाय मोडलास, लाज नाही वाटली? भाऊ मान खाली घालून उभा. नवरा खालून सारखा म्हणत होता, "खेळात होतं, त्याला काही बोलू नका." मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "ज्याने तुला इथे आणला त्याचा पाय तोडलास. आजपासून तू माझा कुणी नाहीस."

तो एक शब्द बोलला नाही. "चुकलं" सुद्धा नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

ऑपरेशन झालं, पुन्हा एक झालं. पाय चालायला लागला, धावायला नाही. कंपनीत मॅनेजरने चौकशी केली, बाहेर कसा खेळलास? हा म्हणाला, गावाचा मेळा होता, पाय वाळूत अडकला. अर्बाब जुना माणूस. त्याने याला घालवला नाही, स्पेअर पार्टच्या काउंटरवर टाकला. ज्या माणसाने आयुष्यात टेबलावर बसून काम केलं नव्हतं तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी फिल्टर आणि ब्रेकपॅडची नावं पाठ करायला लागला. रात्री जेवताना मुलगी त्याची परीक्षा घ्यायची. तिचं मराठी अडखळत चालणारं. "अब्बा, हे कशाचं पार्ट आहे, सांगा ना फास्ट!" तो चुकायचा आणि दोघं हसायचे. मी आत जाऊन भांडी आपटायची.

भाऊ दर ईदला यायचा. दारात हलव्याचा डबा द्यायचा, मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा. मी बाहेर यायची नाही. नवरा खाली जाऊन त्याच्या गाडीत बसायचा, बराच वेळ. मी वरून पडद्याआडून बघायची आणि हा वर आला की विचारायची नाही. नवऱ्याने क्षमा केली असेल तर ती त्याची मेहेरबानी. मी का करू?

मधल्या काळात गावी त्याचं लग्न झालं, पोरं झाली, आणि आमची अम्मा गेली. मी मुलीला घेऊन एका विमानाने गेले, भाऊ दुसऱ्या. घरात मी बायकांत आत, तो पुरुषांत बाहेर पडवीत. एकाच आईसाठी आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना रडलो. परत निघताना शेजारची चाची मला म्हणाली, "पोरी, आता आईबाप नाहीत. बाईला भाऊ असेल तर माहेर. बोल त्याच्याशी." मला ते कळत नव्हतं असं नाही. होडीत बसून मी गाव दिसेनासं होईपर्यंत मागे बघत राहिले. घर त्याच्या नावावर, किल्ली त्याच्याकडे, आणि तो माझा कुणी नाही. पण राग एकदा नाकावर बसला की उठत नाही, निदान माझा तरी नाही.

या वर्षी भावाची नोकरी संपली. त्याच्या जागेवर इथला माणूस आला, तसं आता पुष्कळांचं झालंय. तो कायमचा परत निघाला. शुक्रवारी आमच्या गावच्या टीमने त्याच्यासाठी निरोपाची मॅच ठेवली होती आणि शनिवारी त्याचं विमान. नवऱ्याने त्या शुक्रवारी सकाळी चहा पिताना मला हे सांगितलं. मी म्हटलं, "जाऊ दे. मला काय त्याचं?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाला, "मीच त्याला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"पाय टाक म्हणून. मॅचच्या आधी, खाली पार्किंगमध्ये. म्हटलं, तू तरी मला जावई समजू नकोस. बॉल घेऊन आलो तर अडव."

मला आधी कळेचना. तो खाली बघत बोलत राहिला. जावयाच्या गोलांची थट्टा गावांपुरती राहिली नव्हती, फिरत फिरत कंपनीच्या टीममध्ये पोचली होती. याचे गोल सासुरवाडीचे, असं पोरं म्हणायला लागली होती. त्याला वाटत होतं की येत्या उन्हाळ्यात आपल्याला आत बोलावतील आणि खलास म्हणतील. "पोटासाठी खेळणाऱ्याला लोकांनी वाट सोडून दिली, तर त्याला काय वाटतं ते तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "मला बघायचं होतं, मी अजून खेळतो का." मग म्हणाला, "आणि टॅकल साफ होता. बॉल आधी त्याच्याच पायाला लागला. पाय माझा वाळूत अडकला. इतका सुंदर टॅकल मला कुणी केला नव्हता."

सुंदर म्हणे! मी खुर्चीतून उठले. "हात दाखवून अवलक्षण केलंत आणि एवढी वर्षं मूग गिळून बसलात? माझी अम्मा गेली हो मधे! तेव्हा तरी बोलायचं!"

"आधी नोकरीची भीती होती," तो म्हणाला. "हट्टाने त्याला अडवायला लावलं आणि पाय मोडून घेतला हे अर्बाबला कळलं असतं तर त्याच दिवशी तिकीट हातात दिलं असतं. म्हणून मीच त्याला म्हटलं, कुणाला सांगायचं नाही, आपालाही नाही."

"आणि नंतर?"

"नंतर तुझी भीती."

खरंच होतं. मी त्या दिवशी नवऱ्याला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली आणि परत आत जाऊन तिने दार लावून घेतलं. मग मी बुरखा चढवला आणि म्हटलं, गाडी काढा.

मैदानावर आता गवत आहे, कडेला जाळी आहे. मॅच सुरू होती. मी जाळीच्या दारातून सरळ आत गेले. रेफरी शिट्टी वाजवायला लागला, मग त्याने मला ओळखलं आणि शिट्टी तोंडातून काढली. भाऊ मध्यावर उभा होता. पोट सुटलंय त्याचं, डोक्यावर केस कमी झालेत. मी इतक्या वर्षांत त्याला समोरून बघितलाच नव्हता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मूर्खा, तुझं तोंड काय शिवलं होतं? मला एकदा सांगता नाही आलं?"

तो म्हणाला, "दुल्हेभाईंनी नको म्हटलं होतं, आपा."

एवढंच. जसं काही ते पुरेसं होतं. ज्या माणसाला मी जावयाचा मान ठेवला नाही म्हणून तोडून टाकला, तो त्या मानापायी माझ्या शिव्या खात, ईदला दारातून परत जात राहिला. मी त्याच्या खांद्यावर एक चापट मारली, जोरात, आणि तिथेच रडायला लागले. बावीस माणसं बूट घालून उभी होती. रडू दे, मला काय. आता कुणी म्हणेल, चूक तुझीही होती. छट्! मला कुणी सांगितलंच नाही, तर मी काय अंतर्यामी आहे? चूक या दोघा शहाण्यांची. पण वर्षं माझी गेली, आणि ती मला कुणी परत देणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आम्ही त्याला मॅच अर्धी सोडायला लावून घरी आणला. वाटेत मी कोलंबी घेतली. तो घामेजलेल्या शर्टातच जेवायला बसला, तांदळाच्या भाकऱ्या मी टाकत होते आणि तो तव्यावरून उचलत होता. नवरा त्याच्या शेजारी पाय लांब करून बसला होता, गुडघा दुमडत नाही म्हणून. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते, मार खाल्लेल्या पोरांसारखे. मुलगी मामूला विचारत होती की तो आता तिकडे काय करणार. तो म्हणाला, आधी घर दुरुस्त करणार, कौलं गळतायत, मग बघू.

मी विचारलं, "एवढ्या मोठ्या घरात माणसं किती तुम्ही?"

"बायको आहे, पोरं आहेत, आणि आता मी," तो म्हणाला. त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. मग भाकरी हातात तशीच धरून म्हणाला, "आपा, पुढच्या महिन्यात रंगारी येईल. तुझ्या खोलीला कुठला रंग सांगू?"

माझी खोली. अम्मा गेल्यावर त्या खोलीत त्याची पोरं झोपत असतील, नाही तर तांदळाची पोती असतील, असं मी धरून चालले होते.

"कुठली माझी खोली?" मी विचारलं.

"मागची. खाडीकडची. बंदच आहे ती," तो म्हणाला. "तू बोलत नव्हतीस म्हणून काय मी दुसऱ्याला देणार?"

तव्यावरची भाकरी करपली. नवऱ्याने उठायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही, म्हणून मुलीने गॅस बंद केला. मी पदराने तोंड पुसलं आणि भावाला म्हटलं, "तुला रंगातलं काय कळतंय! काही लावू नकोस. मी येऊन सांगेन."